मोठ्या अपघातानंतर या चुका टाळा : कोऱ्या फॉर्मवर सही तर मुळीच नको

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणजवळ आमच्या दाजींच्या गाडीला ट्रकनं मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, पण जीव वाचला. तिसऱ्या दिवशी मी गॅरेजला गेलो. डिकी पार मागच्या सीटपर्यंत आत आली होती, बॉनेटवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता. त्याच बॉनेटवर क्लेम फॉर्म ठेवून तिथला माणूस म्हणाला, "दादा, इथं अन् इथं फक्त सही आणा, बाकीचं मी भरतो." मी तो कोरा कागद दवाखान्यात नेला. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं दाजींनी सही केली.

अपघात कसा झाला, या रकान्यात त्या माणसानं लिहिलं : 'कुत्रं आडवं आल्यानं गाडी डिव्हायडरला धडकली.' तो बहुधा प्रत्येक फॉर्मवर हेच लिहीत असावा. एफआयआरमध्ये ट्रक, फॉर्मवर कुत्रं आणि सर्व्हेअरसमोर, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीनं नेमलेल्या माणसासमोर, मागून चेपलेली गाडी. क्लेम चार महिने अडकला.

म्हणून कितीही घाई असली तरी तो रकाना स्वतः भरा. तारीख, वेळ, जागा, गाडी कोण चालवत होतं, धडक कुठून बसली, एवढं चार ओळींत पुरतं. जे एफआयआरमध्ये तेच फॉर्मवर. चुकीचं लिहून गेलंच असेल तर एफआयआरची प्रत जोडून विमा कंपनीला आणि सर्व्हेअरला लगेच ईमेल करा. तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदलं जात नाही. आम्ही फोनवरच सांगत राहिलो, त्यात दीड महिना गेला.

दवाखान्याच्या केस पेपरकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. गडबडीत नातेवाईक 'पडले' म्हणतात, डॉक्टर तेच लिहितात आणि पुढं भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद काढतो. दाखल करतानाच 'वाहन अपघात' असं स्पष्ट सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद झाली का ते विचारा. खर्चाच्या धास्तीनं ती टाळू नका. मे 2025 पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले 7 दिवस दीड लाखांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत कॅशलेस मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

पोलीस ठाण्यात समोरची माणसं गोड बोलतात. "कशाला कोर्टकचेरी, पन्नास हजार घ्या, मिटवून टाकू." आणि 'आमची काही तक्रार नाही' असा जबाब पुढं येतो. माणूस आयसीयूत असताना हे लिहून देणं मला तरी पाप वाटतं. हाड जुळेल की नाही, कामावर कधी जाता येईल, हे तेव्हा डॉक्टरलाही माहीत नसतं. समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो तो याचसाठी. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात जिथं झाला तिथंच केला पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालतो. एप्रिल 2022 पासून कायद्यात त्यासाठी 6 महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसून राहू नका. धडक देऊन वाहन पळून गेलं तरी मार्ग बंद होत नाही : मृत्यू झाल्यास 2 लाख, गंभीर दुखापत झाल्यास 50 हजार सरकारी योजनेतून मिळतात.

गाडीबाबतची नेहमीची चूक म्हणजे 'चालू होते का बघू' म्हणून चावी फिरवणं. ऑइल चेंबर फुटलेला असेल तर इंजिन जाम होतं आणि ते नुकसान अपघातातलं नाही म्हणून कंपनी नाकारते. चारही बाजूंनी फोटो काढा, मग टोइंग करा. सर्व्हेअरनं पाहण्याआधी गॅरेजवाल्याला एक बोल्टही खोलू देऊ नका. आणि झीरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा संरक्षण) नसेल तर मनाची तयारी ठेवा : बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. इथं आणखी एक फॉर्म समोर येतो, 'फुल अँड फायनल' लिहिलेला. आकडा मान्य नसेल तर सही करू नका. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

दाजींची गाडी शेवटी टोटल लॉसमध्येच गेली. भंगारवाला रोख पैसे घेऊन दारात उभा होता, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्मवर) कोरी सही मागत होता. या वेळी आम्ही थांबलो. आरसी आपल्या नावावर राहिली आणि त्या नंबरच्या गाडीनं उद्या कुणाला उडवलं, तर पोलीस आपल्याच दारात येतात. आरटीओत नाव बदलल्याची पावती हातात आल्यावरच दाजींनी गाडीची दुसरी चावी कपाटातून काढून दिली.