ठाण्याहून खोडाळामार्गे जव्हार: दोन दिवसांची संथ फेरी कशी आखावी

लोणावळ्याच्या रांगेत उभं राहायचं नसेल, तर ठाणेकरांना हाताशी असलेला डोंगरमाथ्यावरचा मुलूख म्हणजे मोखाडा-जव्हार. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा निघाला, तोवर हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. ठाणे, शहापूर, खर्डी, विहीगाव, खोडाळा, मोखाडा, जव्हार आणि परतताना विक्रमगड, वाडा, भिवंडी अशी पूर्ण फेरी साधारण अडीचशे किलोमीटरची होते. हा आकडा फसवा आहे. 'एका दिवसात सहज होईल' म्हणून निघणारे बहुतेक जण जव्हारला दुपारी तीनला पोचतात, राजवाड्यासमोर फोटो काढतात आणि अंधारात भिवंडीच्या ट्रकांमागे रांगत घरी येतात. महामार्ग सोडल्यावर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर एवढाच हिशोब धरा आणि मुक्काम जव्हारला ठेवा. दिवसाची आखणी किलोमीटर मोजून करू नका, उजेड किती तास आहे ते बघून करा.

कधी जावं

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ सर्वात चांगला. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं, उतारांवर नागली आणि वरई उभी असते आणि खुरासणी फुलली की माळच्या माळ पिवळे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात असतात, पण धुकं, दरडी आणि गर्दी तिन्ही गोष्टी वाट्याला येतात. शिवाय दुर्घटना टाळण्यासाठी प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश काढतं, तेव्हा निघण्याआधी बातम्या पाहून घ्या.

एप्रिल-मे शक्यतो टाळा. ऊन हे कारण आहेच, पण मोठं कारण पाण्याचं आहे. मुंबईला पाणी देणारी वैतरणा याच डोंगरांतून वाहते, आणि याच डोंगरांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. गेलातच तर माणशी किमान चार लिटर पाणी घरून घ्या. पाड्यावरच्या हंड्यातलं मागू नका.

निघण्याआधी गाडी

टायरमधली हवा गाडी थंड असताना भरा. दाब किती ठेवायचा ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टेपनीची हवा तपासायची बहुतेकांना आठवण होते ती पंक्चर झाल्यावरच. जॅक आणि पाना डिकीत आहेत का ते डोळ्यांनी बघा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांना स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट येतं, आणि कडेला फाटलेल्या टायरला त्याचा उपयोग नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलून घ्या. ते हवेतली आर्द्रता शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाटात ब्रेक तापले की मग तेच तेल उकळून बुडबुडे धरतं आणि पेडल मऊ होत पायाखाली जातं.

पेट्रोल-डिझेल शहापूरला टाकी भरून घ्या, पुढचा भरवशाचा पंप जव्हारचा. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकीही भरलेली ठेवावी. खोडाळ्याच्या अलीकडे-पलीकडे रेंज येते-जाते, म्हणून ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्या आणि दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा. यूपीआय चालतं, पण रेंज असेल तरच.

पहिला दिवस

ठाण्याहून सकाळी सहाच्या सुमारास निघा. रात्री अवजड वाहनांना मोकळीक असते आणि त्यांची शेपूट पहाटेपर्यंत माजिवडा-माणकोली पट्ट्यात रेंगाळते. आठनंतर गोदामांकडे जाणारी गर्दी सुरू होते. नवी मुंबईकरांनी खारेगावला येण्याऐवजी शिळफाटा, कल्याण, गांधारी पूल करत पडघ्याला महामार्ग गाठला तर हा पट्टा टळतो, मात्र कल्याण शहर साडेसातच्या आत ओलांडायला हवं. समृद्धी महामार्ग आमण्यापासून सुरू होतो, पण या फेरीत त्याचा काहीच फायदा नाही. आपल्याला जिथं वळायचं आहे ते गाव तो मागे टाकून पुढे जातो.

नाश्ता शहापूर-आसनगाव परिसरात उरका. खर्डी मागे पडली की वेग कमी करा. कसारा घाट चढायच्या आधी डाव्या हाताला खोडाळा-जव्हारकडे जाणारा फाटा आहे. तो चुकला तर घाटात शिराल, आणि तिथं जायचा-यायचा रस्ता वेगवेगळा असल्यामुळे परत फिरायला बरंच पुढे जावं लागतं.

इथून पुढे फेरीचा खरा गाभा सुरू होतो. रस्ता अरुंद, बाजूपट्ट्या लाल मातीच्या. समोरून एसटी आली तर तिला वळणावर जास्त जागा लागते, म्हणून वळणाच्या अलीकडेच थांबून तिला आधी जाऊ द्या. चढणाऱ्या गाडीला पहिला मान हा घाटातला नियमच आहे. पावसात बाजूपट्टीवर डावी चाकं उतरवू नका. वरून टणक दिसणाऱ्या त्या मातीत चाक रुतलं की पुढची चाकं नुसती फिरत राहतात. रुतलंच तर रेस वाढवू नका. चाकाखाली चपटे दगड आणि पायपुसणी सरकवून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडा.

विहीगावचा अशोका धबधबा रस्त्यापासून थोडा चालत खाली आहे. शनिवार-रविवारी पावसाळ्यात तिथं जत्रा असते, तेव्हा नऊच्या आत पोचता आलं तर थांबा, नाहीतर पुढे निघा. पुढे वैतरणा ओलांडून रस्ता खोडाळ्याला चढतो. खोडाळ्याच्या नाक्यावर चहा-वडापाव मिळतो. पोटभर जेवणाची खात्री देता येत नाही, म्हणून दुपारचा डबा सोबत असू द्या. इथून सूर्यमाळला जाऊन यायला दोन तास ठेवा. पठार उघडं आणि वारा भरपूर, पण बघण्यासारखी 'पॉइंट्स' शोधत गेलात तर निराश व्हाल. गाडी सावलीत लावून चालायची ही जागा आहे. देवबांधचं गणपती मंदिर खोडाळ्याजवळच, नदीकाठी आहे. डबा खायला बरी जागा, उष्टं-खरकटं मात्र परत गाडीत घ्या.

वाटेत खिंडीत किंवा गावाच्या वेशीवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला शेंदूर लावलेला खांब किंवा दगड दिसला तर तो वाघोबा. त्याला टेकून सेल्फी काढू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. माणसांचे फोटो विचारूनच काढा. पाणवठ्यावर बायका असतील तर कॅमेरा काढूच नका.

मोखाड्याहून जव्हार पंचवीसेक किलोमीटर. हाताशी तिसरा दिवस असेल तर मोखाड्यातून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरलाही जाता येतं, पण दोन दिवसांत दोन्ही कोंबू नका. जव्हारला चार-साडेचारपर्यंत पोचलात की सनसेट पॉइंटला निवांत जाता येतं. खोली आधी ठरवलेली असावी. जेवणात नागलीची भाकरी आणि उडदाचं घुटं हवं असेल तर खोली घेतानाच फोनवर सांगून ठेवा, ऐनवेळी मागितलं तर पनीर मिळेल.

दुसरा दिवस

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. सकाळी हनुमान पॉइंट, मग शिरपामाळ. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा तळ इथं पडला होता असं सांगतात. जय विलास राजवाडा खाजगी मालकीचा आहे, आत सोडतात का ते स्थानिक माणसाला विचारूनच निघा. वारली चित्रं घ्यायची तर दुकानापेक्षा चितारणाऱ्याकडून घ्या आणि घासाघीस आवरती ठेवा. कापडावरचं चित्र घडी न घालता नळकांड्यात गुंडाळून आणा, घडीच्या रेषेवर रंग उडतो.

डाभोसा धबधबा सिल्व्हासाच्या दिशेला, वीसेक किलोमीटरवर. सुमारे तीनशे फूट उंच. खाली उतरायला पायऱ्या आहेत, चढताना दम लागतो. खालच्या डोहात उतरू नका. वरून शांत दिसणारं पाणी तळाशी खोल आणि थंडगार आहे, पोहणारेही इथं बुडाले आहेत. जाऊन-येऊन तीन तास धरा.

जव्हारहून विक्रमगडकडचा रस्ता उताराचा. ज्या गिअरमध्ये ही चढण चढली असती त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड वापरा, नुसत्या डीवर ठेवून ब्रेक दाबत राहू नका. न्यूट्रल तर अजिबात नको. स्कूटरला इंजिनाचा आधार फारसा मिळत नाही, तिला दर काही मिनिटांनी थांबवा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर सपाट जागी थांबून अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकडी होते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. काही दुखलं-खुपलं तर जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

विक्रमगडला निर्णय घ्यायचा असतो. मनोरमार्गे महामार्ग बरा, पण रविवारी संध्याकाळी वर्सोव्याच्या खाडीपुलावर आणि घोडबंदरला हमखास अडकाल. वाडा-कुडूस-अंबाडीमार्गे अंतर कमी, पण भिवंडीपर्यंत खड्डे आणि ट्रक. जव्हार एकच्या आत सोडलंत तर वाड्याचा रस्ता घ्या. उशीर झाला तर मनोर, कारण अंधारात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि रिम तिथंच वाकते.

वाड्याचा रस्ता घेतलात तर भातगिरणीवर कोलम मिळतो. याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावावर भलताच तांदूळ खपवणारेही वाढले. दाणा बारीक, आखूड आणि वास मंद असतो. ऑक्टोबरात गेलात तर नवं भात अजून शेतात उभं असतं, 'नवा आहे' म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. वर्षभराचा जुना मागा, तो मोकळा शिजतो.