बाळंतपणानंतर लघवीची जळजळ: घरी काय सांभाळावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

बाळंतीण घरी आली की सर्वांचे लक्ष बाळाकडे आणि तिच्या दुधाकडे जाते. तिला लघवीला त्रास होतो का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते आणि तीही संकोचाने सांगत नाही. हा त्रास वेळीच ओळखला तर बहुधा थोडक्यात आटोपतो, पण अंगावर काढला तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून सासूने किंवा आईने तिला दिवसातून एकदा तरी हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

पहिली काळजी प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा तासांची असते. प्रसूती लांबली असेल, चिमटा लावावा लागला असेल किंवा कमरेत भुलीचे इंजेक्शन दिले असेल, तर मूत्राशय भरूनही लघवीची जाणीव होत नाही. प्रसूतीनंतर किंवा कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, अथवा थेंबथेंबच होत असेल आणि ओटीपोट फुगल्यासारखे वाटत असेल, तर परिचारिकेला लगेच सांगावे. तुंबलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्रावही वाढू शकतो. पुढे घरी आल्यावरही, जाणीव होवो वा न होवो, दर तीन-चार तासांनी लघवीला जावे.

जळजळ झाली म्हणजे संसर्गच झाला असे नाही. टाक्यांवर किंवा खरचटलेल्या त्वचेवर लघवी लागली की बाहेरच्या बाजूस चुरचुरते आणि जखम भरत आली की ते कमी होते. संसर्गाची जळजळ आत, लघवीच्या मार्गात जाणवते. तिच्याबरोबर पुन्हापुन्हा घाईची लघवी लागते, प्रत्येक वेळी थोडीच होते, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची असते आणि ओटीपोट दुखते. पहिल्या काही दिवसांत शरीरात साठलेले पाणी बाहेर पडत असल्याने लघवीचे प्रमाण वाढतेच; त्यामुळे नुसती वारंवार आणि भरपूर लघवी होणे हे दुखण्याचे लक्षण नव्हे.

टाके चुरचुरत असतील तर एक साधा उपाय फार उपयोगी पडतो. लघवीला बसताना कोमट पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा आणि लघवी होत असतानाच टाक्यांवर पुढून बारीक धार सोडावी, म्हणजे लघवी पातळ होऊन लागत नाही. नंतर स्वच्छ कापडाने न घासता टिपून घ्यावे आणि धुणे-पुसणे नेहमी पुढून मागे करावे, कारण संसर्ग घडवणारे जंतू बहुतेक वेळा गुदद्वाराकडूनच येतात. भाणातले (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातले) कढत पाणी थेट टाक्यांवर घेऊ नये. ते आधी मनगटावर तपासावे. पॅड दर तीन-चार तासांनी बदलावा. सुती घड्या वापरायच्या असतील, तर गोव्याच्या पावसाळ्यात त्या ओलसर राहतात हे लक्षात ठेवून पूर्ण सुकलेल्या आणि इस्त्री केलेल्याच घ्याव्यात.

आता पाण्याविषयी. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, असे म्हणून बाळंतिणीचे पाणी तोडण्याची रीत पेडण्यापासून काणकोणापर्यंत अजून कित्येक घरांत आढळते. ती प्रेमापोटीच पाळली जाते, तरी या बाबतीत ती सोडावी असे माझे ठाम मत आहे. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, अधिक जळजळते, त्या भीतीने बाळंतीण आणखी कमी पाणी पिते आणि जंतूंना आत वाढायला अवसर मिळतो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेले नसेल, तर दिवसभरात सर्व पातळ पदार्थ मिळून अडीच ते तीन लिटर पोटात जावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना थंड पाणी पसंत नसेल तर कोमट द्यावे; उकड्या तांदळाची पेज, नाचणीचे पातळ तिझन आणि आडसराचे (शहाळ्याचे) पाणीही चालते. दूध पाजायला बसताना पाण्याचा पेला शेजारी ठेवावा.

संसर्गाची शंका आली की लघवीची तपासणी आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) करून घ्यावे. या दिवसांत नमुन्यात रक्तस्राव मिसळून अहवाल फसवा येऊ शकतो, म्हणून आधी जागा धुऊन, योनीमुखावर स्वच्छ कापसाची घडी धरून, सुरुवातीची लघवी सोडून मधलीच लघवी बाटलीत घ्यावी. कल्चरच्या अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. दरम्यान डॉक्टर औषध सुरू करू शकतात. बाळ अंगावर पिते आणि ते किती दिवसांचे आहे हे त्यांना आवर्जून सांगावे. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन अशी औषधे स्तनपानात चालतात. मात्र बाळ एका महिन्याहून लहान असेल किंवा त्याला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची) कमतरता असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन सहसा टाळतात. फार्मसीतून आणलेल्या सिरपाने जळजळ शमते, जंतू मरत नाहीत. बरे वाटले तरी औषधाचा क्रम पूर्ण करावा, आणि या काळात स्तनपान थांबवू नये.

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, हुडहुडी, बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या, लघवी पूर्ण अडणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. ‘दूध दाटल्याने ताप आला असेल’ असे घरीच ठरवणे धोक्याचे आहे. १०८ वर फोन करावा किंवा म्हापसा, मडगाव येथील जिल्हा रुग्णालय अथवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज रुग्णालय), जे जवळ असेल तेथे न्यावे.

खोकताना, हसताना लघवी सुटणे हा संसर्ग नव्हे. ओटीतळाचे, म्हणजे मूत्राशय व गर्भाशयाला खालून आधार देणारे, स्नायू सैल झाल्याने ते घडते. लघवी रोखून धरताना आवळतो तसे ते स्नायू आवळून काही क्षण धरावेत व सोडावेत. हा व्यायाम बाळाला पाजतानाही करता येतो, पण प्रत्यक्ष लघवी होत असताना करू नये. तीन महिन्यांनंतरही थेंब गळत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.