घाटात तापणारी जुनी पिकअप
सपाटीला तापमानाचा काटा मधोमध, पण कसारा घाट चढायला लागलं की थेट लालवर. कूलंट पूर्ण, गळती नाही. मिस्त्री म्हणाला, हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खोलू. पण ते गेल्याची खूण म्हणावी तर ऑइल दुधाळ नाही, पांढरा धूर नाही. मग उगाच का खोलायचं? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप, पातेल्यातल्या गरम पाण्यात टाकून पाहिला, व्यवस्थित उघडला. मग तापलेलं इंजिन बंद करून पंखा हाताने ढकलला, तर भिंगरीसारखा गरगरला! गरम असताना तो जड लागायला हवा. इंजिन तापलं की पंख्याला पकड देणाऱ्या व्हिस्कस क्लचमधलं सिलिकॉन ऑइल गळून गेलेलं, पुढे धूळ चिकटलेला तेलकट डागही होता. सपाटीला गाडीच्या वेगाने रेडिएटरला वारा लागतो. घाटात दुसऱ्या गिअरला सगळी भिस्त पंख्यावरच. क्लच नवा टाकला, रेडिएटरच्या जाळीतला भुसा पाणी मारून काढला. आता भरल्या गाडीतही काटा जागचा हलत नाही.