वादळवारा आणि टॉर्नेडोचा इशारा: घर कसं सज्ज ठेवावं

टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत सोंडेसारखा उतरणारा, वेगाने गरगरणारा वारा. त्याचा इशारा येणं आणि तो स्वतः दारात येऊन धडकणं यांत बऱ्याचदा पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. एवढ्या वेळात खिडकीला फळी ठोकून होत नाही, विम्याची कागदपत्रं सापडत नाहीत आणि कुंड्याही धड आत येत नाहीत. त्यामुळे इशारा वाजल्यावर करायचं काम एकच उरलं पाहिजे: ठरलेल्या जागी जाऊन बसायचं. बाकीचं सगळं आभाळ निरभ्र असताना उरकून ठेवायचं.

टॉर्नेडो म्हटलं की अमेरिकेतली सपाट मैदानं डोळ्यांपुढे येतात. पण ज्ञात इतिहासातला सर्वाधिक बळी घेणारा टॉर्नेडो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात आला. दौलतपूर आणि सातुरिया या भागांत सुमारे १,३०० माणसं गेली. आणि ज्या घराला टॉर्नेडो आयुष्यात कधी दिसणार नाही, त्यालाही सोसाट्याचा वारा चुकत नाही. तयारी दोन्हींसाठी बरीचशी सारखीच आहे.

१. छप्पर कशाने धरलंय ते पाहा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला नुसतं खडखडणारं छप्पर १२० ला का उडतं, ते यावरून कळेल. शिवाय वारा छपराला खाली दाबत नाही, वर उचलतो. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो. त्यातच वाऱ्याच्या बाजूचं दार किंवा खिडकी फुटली, तर आत घुसलेली हवा खालून रेटा देते. वरून ओढ, खालून रेटा. घरं बांधताना मात्र आपण बहुतेकदा छपराचं वजन भिंती पेलतील की नाही एवढंच बघतो.

टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. वासे किंवा कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) जिथे भिंतीवर टेकतात, तो सांधा जवळून बघा. नुसते तिरपे खिळे ठोकलेले दिसले, तर सुताराकडून तिथे लोखंडी पट्ट्या मारून घ्या. पट्टी वाशाला कवटाळून खाली भिंतीत पक्की झाली पाहिजे. पत्र्याचं छप्पर असेल, तर प्रत्येक हुक आणि स्क्रूखालचा वॉशर तपासा. वॉशर कडक होऊन फाटला असेल, भोवती गंजाचं कडं दिसत असेल किंवा पत्र्याचं भोक लांबट झालं असेल, तर तो सांधा कामातून गेला असं समजा. कडा, कोपरे आणि आढं इथे ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून स्क्रूही तिथेच जास्त दाट हवेत. पैसे कमी असतील, तर आधी कोपरे करा.

वर स्लॅब असेल तर ही चिंता बरीच कमी. मात्र गच्चीवरची पाण्याची टाकी, सौर पॅनल आणि जिन्यावरचा पत्रा पक्का बांधलाय का, ते बघाच.

२. दारं-खिडक्या

घराची सर्वांत कच्ची बाजू बहुधा गॅरेजचं दार किंवा मोठं शटर असते. रुंद, पातळ आणि फक्त दोन्ही कडांना धरलेलं. आतून उभे आधार लावण्याची सोय करून घ्या. मुख्य दाराच्या बिजागऱ्यांचा एक स्क्रू काढून बघा. बोटाच्या पेरापेक्षाही आखूड निघाला, तर चौकटीतून थेट भिंतीत शिरणारे लांब स्क्रू बसवा. वर-खाली कड्याही हव्यात.

काचांवर चिकटपट्टीची फुली मारू नका. त्याने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे धारदार तुकडे एकत्र येऊन पडतात. झडपा बसवाव्यात, नाहीतर १५-१६ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आधीच मापाने कापून, भोकं पाडून, कोणतं कुठल्या खिडकीचं ते लिहून ठेवावं. हे काम चक्रीवादळात होतं, कारण त्याची खबर दिवसभर आधी मिळते. टॉर्नेडोच्या वेळी प्लायवूडच्या नादी लागू नये.

३. अंगण

वाळलेल्या, चिरफळलेल्या आणि छपरावर झुकलेल्या फांद्या वादळाच्या हंगामाआधी उतरवा. बुंधा पोकळ झालेल्या झाडाबाबत हळवं होण्यात अर्थ नाही. सुट्या विटा, पत्र्याचे तुकडे, खुर्च्या, कुंड्या हे सगळं मोठ्या वाऱ्यात भिरकावलं जातं. टॉर्नेडोत माणसं जास्त जखमी होतात ती अशा उडत्या सामानानेच.

४. आडोशाची जागा ठरवा

तळघर असेल तर तेच. नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मध्यावरची, बिनखिडकीची, लहानशी खोली: न्हाणीघर, जिन्याखालची जागा, आतलं कोठार. आपल्यात आणि बाहेरच्या वाऱ्यात जितक्या भिंती येतील तितकं चांगलं. वरच्या मजल्यावर नेमकं डोक्यावर फ्रिज किंवा अवजड कपाट तर नाही ना, ते बघा.

तळघराचा नैऋत्य कोपरा सुरक्षित, ही जुनी समजूत सोडून द्या. तशीच दुसरी समजूत टेकडीची. अमेरिकेतल्या टोपेका शहराची बर्नेट्स माउंड ही टेकडी टॉर्नेडोपासून गावाचं रक्षण करते, असं लोक मानत. ८ जून १९६६ रोजी टॉर्नेडो त्याच टेकडीवरून शहरात शिरला.

त्या जागी एक पिशवी कायमची ठेवा: टॉर्च, बॅटरीवर चालणारा रेडिओ, पाणी, औषधं, शिट्टी, पॉवर बँक, प्रत्येकासाठी जाड तळव्याचे बूट आणि हेल्मेट. हेल्मेटचं हसू येईल, पण डोक्याला मार बसण्याचा धोका मोठा असतो आणि मोटरसायकलचं, सायकलचं कुठलंही चालतं. घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, एकदा अंधारात तिथवर जायला लावा. म्हाताऱ्या माणसाला कोण धरून नेणार आणि कुत्र्याला कोण उचलणार, हेही तेव्हाच ठरवा.

छपराचे, खोल्यांचे आणि सामानाचे फोटोही आत्ताच काढून फोनबाहेर कुठेतरी ठेवा. विम्याच्या वेळी लागतात.

५. इशाऱ्याची पायरी ओळखा

नाव किंवा रंग देशागणिक बदलतो, पण पायऱ्या बहुतेक दोनच. पहिली म्हणजे हवामान टॉर्नेडोला पोषक आहे. तेव्हा फोन पूर्ण चार्ज करा, गाडी आत घ्या, बाहेरचं सामान उचला, सगळ्यांना घरी बोलवा. दुसरी म्हणजे टॉर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे. तेव्हा फक्त आडोसा.

सायरनवर विसंबू नये. तो मुळात घराबाहेरच्या लोकांसाठी असतो आणि बंद खिडक्यांमागे, पावसात, गाढ झोपेत ऐकू येईलच असं नाही. फोनवरचे आपत्कालीन इशारे चालू ठेवा, रात्री फोन सायलेंट असला तरी ते वाजतील अशी सेटिंग करा.

इशाऱ्याविनाही ओळखता येतं: फिरताना दिसणारा ढग, जमिनीलगत उडणारा कचरा, न थांबणारी घरघर. पावसाच्या पडद्याआड किंवा रात्री सोंड दिसतही नाही. दिसली आणि जागची हलत नाहीये असं वाटलं, तर ती बहुधा थेट तुमच्याच दिशेने येते आहे.

६. इशारा आला

उठा आणि जा. वाटेत लागतील ती आतली दारं ओढून घ्या, त्यामुळे एखादी खिडकी फुटलीच तरी आतला दाब घरभर पसरत नाही. खिडक्या उघडायला जाऊ नका. दाब सारखा व्हावा म्हणून त्या उघडाव्यात, हा सल्ला साफ चुकीचा आहे. उघडी खिडकी वाऱ्याला आत घेते, आणि उघडणारा माणूस काचेसमोर उभा राहतो. व्हिडिओ काढायलाही कोणी थांबू नये.

आडोशात गुडघ्यांवर वाका, डोकं आणि मान हातांनी झाका, वर गादी किंवा जाड रजया ओढा. आवाज थांबला म्हणून लगेच बाहेर पडू नका. एकाच ढगातून पुन्हा टॉर्नेडो होऊ शकतो, म्हणून इशारा उठल्याचं कळेपर्यंत बसून राहा. घरी पोचला नसाल आणि रस्त्यात असाल, तर पक्की इमारत गाठा. उड्डाणपुलाखाली थांबू नका: ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टॉर्नेडोंत तिथे आसरा घेतलेल्यांपैकी तिघं दगावली.

७. वारा ओसरल्यावर

बूट घालूनच बाहेर या. पडलेली प्रत्येक वीजतार जिवंत आहे असं धरून किमान १० मीटर दूर राहा. तिला टेकलेलं कुंपण आणि भोवतालचं साचलेलं पाणीही टाळा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीच करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि दुरूनच फोन करा. जनरेटर घरात, गॅरेजात किंवा खिडकीजवळ लावू नये. दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर लावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि वादळातून वाचलेली माणसं त्याने नंतर मरतात.

काही हलवण्याआधी फोटो काढा. मग ताडपत्री टाका, पण ओल्या छपरावर एकट्याने चढून नाही. पहिल्याच दिवशी दारात येऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्या ठेकेदाराला पैसे देऊ नका, लेखी अंदाज मागा. आणि छप्पर दुरुस्तीला उघडलंच आहे, तर त्यावर पत्रे किंवा कौलं पुन्हा चढण्याआधी लोखंडी पट्ट्या मारून घ्या. तेव्हा सुताराचं ते थोडक्याच वेळाचं काम असतं. झाकल्यावर तेच काम माळ्याच्या अडचणीत आडवं पडून करावं लागतं.