अंटार्क्टिकाला जायचंय? आधी ऐरोलीच्या खाडीत उतरा

‘ताई, पेंग्विनला हात लावता येतो का?’ एक्सपिडिशन जहाजावरच्या नोकरीबद्दल ठाणे-नवी मुंबईतली मुलं विचारायला आली की बहुतेक इथूनच सुरुवात करतात. नाही लावता येत. आपण पाच मीटरच्या आत जायचं नाही, आणि तो स्वतःहून जवळ आला तर जागचं हलायचं नाही. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर ध्रुवीय अस्वलापासून २०२५ पासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून ५०० मीटर. म्हणजे तुमचं अस्वल दुर्बिणीतला पिवळट ठिपका असतं आणि तो ठिपका म्हणजेच अस्वल हे तुम्हाला वीस जणांना पटवून द्यायचं असतं. दुसरा प्रश्न पगाराचा येतो. तो जास्त शहाणपणाचा आहे, त्याकडे नंतर येते.

हे जहाज म्हणजे कॅसिनो आणि घसरगुंड्यांचं क्रूझ नव्हे. शे-दोनशे प्रवासी घ्यायचे आणि जिथे धक्काच नाही अशा किनाऱ्यावर त्यांना रबरी होडीतून, म्हणजे झोडियाकमधून, उतरवायचं. १९६६ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी हौशी प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं, तिथून हा धंदा वाढला. १९९१ मध्ये तिथे जाणाऱ्या कंपन्यांनीच ‘आयाटो’ ही संघटना काढली आणि स्वतःला नियम घालून घेतले. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही. एका जागी एका वेळी जास्तीत जास्त शंभर प्रवासी. वीस प्रवाशांमागे किमान एक गाइड. तुमची नोकरी या शेवटच्या आकड्यातून निघते, म्हणून तो लक्षात ठेवा. दोनशे प्रवाशांचं जहाज असेल तर शंभर किनाऱ्यावर, उरलेले होड्यांतून हिमनगांच्या अवतीभोवती. त्या होड्या चालवतं कोण? पक्षीतज्ज्ञ, भूगर्भतज्ज्ञ, इतिहासाचा माणूस, आम्हीच सगळे.

त्यामुळे प्राणिशास्त्राची एमएस्सी आहे, पाचशे पक्षी ओळखता येतात, एवढ्यावर कुणी घेत नाही. पक्षी टीममधल्या सगळ्यांनाच येतात. लाटेत होडी स्थिर धरणारा आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला न घाबरवता खाली उतरवणारा हवा असतो. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे शिकता येतात.

होडीचं आधी. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला होडी सुटते, तिची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर ठरते. पाणी फार उतरलं तर होडी चिखलात बसते, फार चढलं तर पक्ष्यांना उभं राहायला चिखलच उरत नाही. मधली वेळ साधायची. कोळीवाड्यातला म्हातारा तिथीवरून सांगतो, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. हे त्याच्याकडून शिका, मग भरती-ओहोटीचा छापील तक्ता वाचा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियाच्या खाड्यांतही चंद्र तोच आहे. ओळखीच्या कोळ्याच्या होडीवर आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बसवलेलं, इंजिन हातात घ्या आणि मागे पाहत वळायला शिका. त्यानंतर पॉवरबोटचं रीतसर प्रमाणपत्र आणि समुद्रावर बोलायच्या व्हीएचएफ रेडिओचा परवाना. उलट्या क्रमाने केलेले लोक मी पाहिलेत. कागद असतो, हात चालत नाही.

आता माणसांचं. ठाण्यात गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांची एक फ्लेमिंगो सहल काढा, तीन तासांत कळेल आपण या कामाचे आहोत की नाही. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाला ऐकू कमी, कुणाला लघवीला जायचंय आणि बोलायला संकोच. झोडियाकमध्ये हेच असतं, फक्त शून्य अंश तापमानात. उतरवण्याची रीत पक्की आहे. प्रवाशाने फुगीर कडेवर बसून सरकत पुढे यायचं, आपण पंजा न धरता कोपराखालचा हात धरायचा आणि त्यानेही आपला तसाच. मग लाट मोजायची. एक येते, होडी उचलते. ती मागे सरली की ‘आता पाय बाहेर’. घाई करणारा प्रवासी पडत नाही, आपल्याला पाडतो.

किनाऱ्यावर जाण्याआधीचं काम कुणाच्या फोटोत येत नाही. अंटार्क्टिकाकडच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरण्याआधी आख्खी दुपार लाउंजमध्ये जॅकेटं आणि बॅगा तपासण्यात जाते. वेल्क्रोच्या काट्यांत येऊरच्या रानातून आलेल्या मोज्यांना चिकटतात तसली कुसळं सापडतात, चिमट्याने एकेक उपसायची. त्या बेटावरचे उंदीर संपवायला अनेक वर्षं गेली, २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं, त्यामुळे तिथले तपासणी अधिकारी एका बीसाठी सुद्धा ऐकून घेत नाहीत. बूट दर वेळी गुलाबी जंतुनाशकात बुडवायचे. बर्ड फ्लू तिकडे पोहोचल्यापासून जमिनीवर बसायला, गुडघे टेकायलाही बंदी आहे. बर्फात पाय मांडीपर्यंत रुतला तर ते भोक बुजवूनच पुढे जायचं, नाहीतर त्यात पेंग्विन अडकतो. पेंग्विनची पायवाट दिसली तर आपण थांबायचं, वाट त्याची.

माणसांच्या वस्त्यांबद्दल मात्र कुणी प्रश्नच विचारत नाही. खरं तर तिथेच गाइडचा कस लागतो. पूर्व ग्रीनलंडमधलं इटोकोर्टोर्मीट हे साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं गाव. लोक शिकारीवर जगतात. घराबाहेर अस्वलाचं कातडं ताणून वाळत घातलेलं असतं. आदल्या दिवशी दुर्बिणीतून अस्वल बघून डोळ्यांत पाणी आणणारी प्रवासी बाई ते बघून तुमच्यावर चिडते. तिला सांगावं लागतं की शिकार कोट्यात होते, मांस खाल्लं जातं, कातड्याचे कपडे होतात, आणि आपण पाहुणे आहोत. हे सगळं आवाज न चढवता, घरमालकाच्या देखत. ग्रीनलंडमध्ये काफेमिक नावाची पद्धत आहे. वाढदिवस किंवा असंच काही निमित्त असलं की घर उघडं, लोक येतात, कॉफी-केक घेतात, पुढच्याला जागा करून उठतात. जहाजाच्या पाहुण्यांनाही कधी कधी बोलावतात. बूट दाराशी काढायचे हे आपल्याला सांगावं लागत नाही, युरोपातल्यांना लागतं!

फोटोचा नियम सोपा आहे: आधी विचारायचं, खिडकीतून डोकवायचं नाही, पोरांचा तर पालकांना विचारल्याशिवाय नाहीच. बेलापूरच्या दिवाळे गावात मासळी बाजारात मावशीच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे वीकेंडवाले पाहिले असतील, तर मावशी काय बोलते तेही ऐकलं असेल. ग्रीनलंडची मावशी बोलत नाही, म्हणून ती बाजू गाइडला घ्यावी लागते.

कागदपत्रं भराभर सांगते. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, मूलभूत सुरक्षा कोर्स, इंडोस हा खलाशांचा नोंदणी नंबर, सीडीसी हे खलाशाचं ओळखपुस्तक, आणि डीजी शिपिंगच्या, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरची वैद्यकीय तपासणी. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण विमान नॉर्वेतून जातं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, तेव्हा शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचाच काढा. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवरच्या गाइडच्या जागांसाठी अर्ज करून वेळ घालवू नका, तिथे गाइड स्थानिकच लागतो.

पैसे बहुतेक ठिकाणी दिवसाच्या हिशोबाने मिळतात, जहाजावर असाल तेवढ्या दिवसांचे. जेवणखाण आणि राहणं फुकट असल्याने हाताशी बरंच उरतं. पण दक्षिणेचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, उत्तरेचा जून ते सप्टेंबर, मधल्या महिन्यांत खात्यात काहीही येत नाही. घराचा हप्ता चालू असेल तर हा हिशोब घरच्यांसमोर मांडूनच निघा.

वाशी-बेलापूरच्या ऑफिसांतून ‘जहाजावर नोकरी, फक्त प्रोसेसिंग फी’ असं कुणी म्हटलं तर आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीला लागणाऱ्या, परवान्याचा नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासा. परवाना असलेल्यालाही नोकरी लावून देण्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. एक्सपिडिशन टीमच्या जागा तर बऱ्याच कंपन्या थेट भरतात. त्यांच्या वेबसाइटवर अर्ज करा, सोबत होडी चालवतानाचा छोटा व्हिडिओ जोडा, आणि नोव्हेंबरच्या हंगामासाठी निदान फेब्रुवारी-मार्चपासून मागे लागा.