धुरातनं कान वाचवायचे कसे? उद्यमबागेतल्या माणसाचा अनुभव

आमच्या अण्णांचे कान गेलेत हे घरात कळायलाच दोन वर्षं लागली. गल्लीतनं बुलेट गेली की ती कुणाची हे अंथरुणात पडून सांगायचे, मग कान गेलेत असं कुणाला वाटणार? पण नात येऊन "आजोबा, सात वाजले" म्हणाली की हे "आत काय वाजलं?" म्हणून उठून आत बघायला जायचे. आम्ही हसायचो. वहिनी म्हणायची, मुद्दाम करूलालेत, आपल्याला पाहिजे तेवढंच ऐकतात. तसं नव्हतं. जाड आवाज शाबूत राहतात आणि स, फ, थ असले बारीक आवाज आधी जातात. म्हणून ही पहिली खूण ध्यानात ठेवा, माणूस "ऐकू येत नाही" म्हणत नाही, "तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता" म्हणतो.

अण्णा सव्वीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला होते, मी तिथंच डिस्पॅचला. सगळे म्हणाले ग्राइंडरच्या आवाजानं कान गेले. बरोबर आहे, पण अर्धंच. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो आणि त्यातल्या केसासारख्या पेशी आवाज पकडतात. त्यांना रक्त पुरवणारी शीर एकच आणि बारीक, म्हणजे मेन रोड बंद झाला तर दुसऱ्या गल्लीतनं जायची सोय नाही. धुरातले अगदी बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते फुप्फुसातनं रक्तात उतरतात आणि शिरांना सूज आणतात. कार्बन मोनॉक्साइड तर रक्तात ऑक्सिजनची जागाच बळकावतो. उंदरांवरच्या प्रयोगात नुसत्या आवाजापेक्षा आवाज आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र दिले की कानाचं नुकसान जास्त झालेलं दिसलंय. लोखंड वितळवायच्या कुपोला भट्टीजवळ रोज दोन्ही एकदमच मिळतात की. आणि त्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

माणसांवरचे अभ्यासही आहेत. तैवानमधल्या एका मोठ्या अभ्यासात जिथं हवेत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड जास्त तिथल्या लोकांत आतल्या नसेचा बहिरेपणा जास्त आढळला. आता जिथं ट्रकचा धूर तिथं ट्रकचा हॉर्नपण असतोय, त्यामुळं कुणी किती नुकसान केलं हे वेगळं काढणं अवघड, धुरानंच बहिरा झालो असं कोर्टात सांगता येईल इतका पक्का पुरावा नाही. पण धूर कमी करण्यात तोटा कुणाचा?

मग करायचं काय.

पहिल्यांदा कान तपासून घ्या, आणि चाळिशीच्या पुढचे, भट्टी, पॉवरलूम, हायवेकडचं दुकान, रिक्षा असलं काम करणारे असाल तर त्रास नसला तरी घ्या. आमच्याकडं दवाखान्याच्या बोर्डावर "किवि, मूगु, गंटलु" असं कन्नडमध्ये लिहिलेलं असतंय, म्हणजे कान, नाक, घसा, ते किवि फळ नव्हे, माझी वहिनी एकदा खरंच फसलेली. डॉक्टर आधी मळ बघतील. मळ काढल्यावर ऐकू आलं तर नशीबवान. नाहीतर ऑडिओमेट्री, बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक टूं टूं आवाज सोडतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. ही टेस्ट सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी करा. शिफ्ट संपवून थेट गेलात तर कान आधीच सुन्न असतो आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट येतो.

रिपोर्टवर एक आलेख असतो. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा, खुणा जितक्या खाली तितकं कमी ऐकू येतंय. रेष २० डेसिबलच्या आत असेल तर ठीक. आवाजानं खराब झालेल्या कानाची रेष सुरुवातीला ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजाकडं, खड्ड्यात जाते आणि पुढं थोडी वर येते. माझ्या डाव्या कानाला तो खड्डा आहे, मी रिपोर्ट बघून घाबरलो पण डॉक्टर म्हणाले आत्ता कळलं ते बरं झालं.

कागद स्वतःकडं ठेवा. मी आधी जिथं होतो तिथं दरवर्षी व्हॅन यायची, सगळ्यांचे कान तपासायची आणि रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात जायचे. कुणाचा कान किती घसरला हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मीपण विचारलं नाही ही माझी चूक. कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात आवाजानं येणारा बहिरेपणा कळवायच्या आजारांच्या यादीत आहे आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातसुद्धा. पण दहा वर्षांपूर्वीचा कागदच नसेल तर काय दाखवणार. पगारातनं ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापत असतील तर तिथनं टेस्ट करून घेता येते. फॉर्म कन्नडमध्ये आला तर कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा, सही मात्र वाचून घेतल्यावरच.

आता धूर. रुमाल बांधून काही होत नाही, पीएम २.५ त्यातनं सरळ जातो. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसला तर कण अडतात, दाढी वाढवली असेल तर कडेनं गळतो. पण कसलाही असला मास्क कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, ती गॅस आहे, तिला उघडी खिडकी, एक्झॉस्ट आणि भट्टीपासून अंतर हाच इलाज. चहाच्या सुट्टीत भट्टीच्या दाराशी उबेला बसायची जी सवय आहे ना, ती मोडा. घरात बघायचं तर न्हाणीतला गॅस गीझर खिडकी बंद करून लावू नका, यानं कानच काय जीवसुद्धा जातो. बंब बाहेर उघड्यावर पेटवा. डास मारायची कॉईल बंद खोलीत रात्रभर जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. विडीसिगरेट ओढणाऱ्याचे कान लवकर जातात हे तर बरेच दिवस माहीत आहे, निपाणीच्या तंबाखूवाल्या पाव्हण्यांनी रागवू नये. शुगर आणि बीपी असेल तर तीच बारीक शीर अजून खराब होते, तेवढं ताब्यात ठेवा.

चिकोडी, हुक्केरी, अथणीकडं ऊस तोडून झाला की पाचट पेटवतात, संध्याकाळी पेटवलं की थंडीत धूर वर न जाता गावावर बसून राहतो. पाचट सरीत तसंच ठेवलं किंवा कुट्टी करून टाकलं तर जमिनीत ओल टिकते आणि तण कमी येतं. शेजारी ऐकत नसेल तर त्या दिवशी दारंखिडक्या लावून घ्या आणि सकाळचं फिरणं धूर विरल्यावर करा. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर ॲप आहे, त्यात जवळच्या केंद्राचा हवेचा निर्देशांक (एक्यूआय) बघा, १०० च्या वर असला तर हायवेच्या कडेनं चालू नका. आपल्याकडं पीएम २.५ ची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते, त्यावरनं काय ते समजा.

आवाज सोडून चालणार नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरा. ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, तीन तीन वाढला की वेळ निम्मी. साचे फोडून माल काढतात त्या नॉकआउटजवळ काय होत असेल बघा. फोमचे प्लग लोक नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात, उपयोग शून्य. बोटांनी चोळून विडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरनं कान वर आणि मागं ओढायचा, आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोट लावून धरायचं. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला. वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांचे हात काळे असतात, तेच हात घेऊन प्लग चोळला की वाळू कानात, त्यांनी इअरमफ घ्यावा. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर नाचायचं तर नाचा, पण स्पीकरच्या भिंतीला चिकटून उभं राहू नका आणि प्लग खिशात ठेवा.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकायची नाही. सकाळी उठलात आणि एका कानानं एकदम ऐकू येईना झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आमच्या गल्लीत एकानं आठवडाभर लसणाचं कोमट तेल घातलं, पडद्याला भोक होतं, कान वाहायला लागला आणि औषधाची वेळ पण गेली. असल्या बहिरेपणाला स्टेरॉइड लवकर दिलं तर काही जणांचं ऐकू परत येतं.

कानाचं मशीन लागलंच तर ऑनलाइन मिळणारा सहाशेचा आवाज मोठा करायचा डबा घेऊ नका, तो सगळंच मोठं करतो, भांड्यांचा आवाजपण. ऑडिओलॉजिस्टकडनं आलेखाप्रमाणं सेट करून घ्या आणि महिनाभर तरी रोज घाला, पहिले दिवस स्वतःच्या चपला वाजलेल्या पण नकोशा होतात. अण्णांनी दोनदा कपाटात टाकलं होतं. आणि आमच्या बेळगावच्या पावसात चार महिने सगळंच ओलं, त्यामुळं रात्री मशीन बॅटरी काढून झाकणाच्या डबीत ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या दोन टाका, पुडी जुनी झाली की बदला.