चार रॅकपासून दहा रॅकपर्यंत: गरजेप्रमाणे वाढणारं डेटा सेंटर कसं बांधायचं

लातूरच्या क्लासची ऑनलाइन टेस्ट असली की सर्व्हरवर दोन तास ताण असतो, मग आठवडाभर शांतता. साखर कारखान्याचं काम गळीत हंगामात फुगतं. वाळूजच्या कारखान्याला मोठी ऑर्डर मिळाली की सहा महिन्यांत रॅक (सर्व्हर बसवायची कपाटं) दुप्पट लागतात. अशा ठिकाणी पाच वर्षांनंतरची क्षमता आजच विकत घेतली तर पैसा अडकतो, शिवाय अर्धरिकामी यंत्रं वीजही वाया घालवतात. म्हणून विभागणी अशी करा: जमिनीत, भिंतीत आणि छतात जाणारं सगळं शेवटच्या आकाराचं, आणि जे नंतर सरकवून बसवता येतं ते लागेल तसं.

इथे उदाहरण घेतलंय आज ४ रॅक, प्रत्येकी ४ किलोवॅट, म्हणजे १६ किलोवॅट. पुढे १० रॅक, प्रत्येकी ५, म्हणजे ५० किलोवॅट.

हा आकडा सर्व्हरच्या पाटीवरून काढू नका. पाटीवर ८०० वॅट लिहिलेलं असतं ती पॉवर सप्लायची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष ओढ बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास असते. गर्दीचा दिवस धरून आठवडाभर दर १५ मिनिटांनी नोंद घ्या.

जागा निवडताना वजन आधी पाहा. भरलेला रॅक ८०० ते १,००० किलोचा होतो आणि ०.७२ चौरस मीटरवर उभा राहतो. साध्या ऑफिसचा स्लॅब चौरस मीटरला २५० ते ४०० किलोच्या हिशोबाने बांधलेला असतो, त्यामुळे वरचा मजला घ्यायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला हवाच. डेटा सेंटर कंटेनरमध्ये करून आवारात ठेवणार असाल तर काळ्या मातीवर थेट पीसीसी (साधं काँक्रीट) ओतू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक कोपरा उचलला जातो आणि दरवाजे लागेनासे होतात. ती काढून मुरूम भरा, थर देऊन दाबा, मग पाया घ्या. दुसऱ्या कंटेनरचा पाया आणि केबलचे पाइप त्याच वेळी घालून ठेवा. अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यात घ्या. माती सुकून इलेक्ट्रोडपासून सुटते तेव्हाचा आकडा खरा.

यूपीएस मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग सरकवून वाढवता येणारा घ्या: १०० किलोवॅटची फ्रेम, त्यात २५ किलोवॅटची चार मॉड्युल बसतील अशी. आज दोनच भरा, एक कामाचं आणि एक राखीव. लोड २० किलोवॅटला पोचला की तिसऱ्याची ऑर्डर द्या. २५ ची वाट पाहिली तर राखीव मॉड्युल नावापुरतं उरतं. याच हिशोबाने, कामाच्या मॉड्युलवर ८० टक्क्यांच्या वर भार न टाकता, ५० किलोवॅटला राखीव धरून चारही लागतील. इनकमर (वीज आत घेणारा मुख्य ब्रेकर) आणि केबल मात्र आजच पूर्ण फ्रेमच्या. ४१५ व्होल्टला १०० किलोवॅट म्हणजे साधारण १४० अँपिअर. बॅटरी चार्जिंग आणि तोटा धरून २०० अँपिअरचा ब्रेकर ठेवा. नवं मॉड्युल जुन्या फर्मवेअरशी (यंत्रातल्या सॉफ्टवेअरशी) जुळलं नाही तर ते समांतर चालायला तयार होत नाही. हीच मॉड्युल पुढची किती वर्षं मिळतील, हे करारात लिहून घ्या.

बॅटरीत बहुतेकांचा हिशोब चुकतो. तीन वर्षं वापरलेल्या लेड-ॲसिड बँकेला नवी बँक जोडली तर जुनी नवीलाही खाली ओढते. टप्प्याटप्प्याने वाढवायचं असेल तर स्वतःचं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) असलेली लिथियम कपाटं बरी. लेड-ॲसिडच हवी असेल तर वेगळ्या खोलीत, २५ अंशांच्या आसपास ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

आता रॅकपाशी या. प्रत्येक रॅकला दोन पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणाऱ्या पट्ट्या), ए आणि बी; सर्व्हर दोन्हींतून निम्मी-निम्मी वीज घेतात. समजा ते १६ अँपिअरचे आहेत. क्लॅम्प मीटर दोन्हीवर १२ दाखवतो. ७५ टक्के, सगळं ठीक वाटतं. ए बंद पडला की बी वर २४ येतात. एमसीबी लगेच पडत नाही, तासाभरात पडतो, आणि मग रॅक अंधारात. म्हणून दोन्हींची बेरीज १२-१३ अँपिअरच्या आतच ठेवा, म्हणजे एका बाजूला साडेसहाच्या आत. ४ किलोवॅटच्या रॅकचीच बेरीज साडेसतराच्या आसपास होते, ५ किलोवॅटच्या रॅकची जवळपास २२. तिथे ३२ अँपिअरचे पीडीयू लागतील. रॅकवर बसबार (वीज नेणारी धातूची पट्टी) असेल तर त्यावरून वीज काढून देणारा टॅप-ऑफ बॉक्स बदलून हे एका दुपारचं काम आहे. खालून केबल ओढली असेल तर पुन्हा खोदकाम.

थंडाव्याचा निर्णय पाण्यावर ठरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा कूलिंग टॉवरचा (पाण्याची वाफ करून उष्णता काढणाऱ्या यंत्रणेचा) विचार इथे करूच नये असं आमचं मत. १ किलोवॅट-तास उष्णता वाफेने काढायला सुमारे दीड लिटर पाणी लागतं. ५० किलोवॅटला दिवसाकाठी १,८०० लिटर निव्वळ वाफ, शिवाय क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळं. एअर-कूल्ड इन-रो युनिट, म्हणजे रॅकच्या रांगेतच बसणारे, पाण्याशिवाय चालणारे एसी घ्या. यूपीएसचा तोटा आणि भिंतींची उष्णता धरून आज साधारण २० किलोवॅट, म्हणजे पावणेसहा टन. १२ किलोवॅटची दोन आणि एक राखीव. पण कॅटलॉगमधली क्षमता बहुधा बाहेर ३५ अंश धरून दिलेली असते. ४५ अंशांना किती उरते, हे लेखी मागा. पुढच्या युनिटांसाठी तांब्याचे पाइप आत्ताच ओढून, तोंडं बंद करून ठेवा. बाहेरची युनिटं पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. जवळ जिनिंग असेल तर फिन्समध्ये कापसाचा भुगा बसतो. हंगामात दर आठवड्याला धुवा. रॅकच्या रिकाम्या खणांना ब्लँकिंग पॅनेल लावा. ही पत्र्याची पट्टी नसली की मागची गरम हवा पुढे येते आणि एसी कितीही वाढवले तरी वरचा सर्व्हर तापतो.

जनरेटरही एकदम मोठा नको. एसीची वीज धरून आजचा एकूण लोड २६ किलोवॅटच्या आसपास. १२५ केव्हीएचा सेट त्यावर जेमतेम पाव भारावर चालेल आणि त्यात कार्बन साचेल. ६२.५ केव्हीएचा एक घ्या, दुसऱ्यासाठी पाया आणि सिंक्रोनाइझिंग पॅनेलची (दोन्ही जनरेटर एकत्र चालवणाऱ्या पॅनेलची) जागा ठेवा. महावितरणकडे मंजूर भारही टप्प्याने वाढवा, फक्त अर्ज काही महिने आधी करा.

प्रत्येक वेळी क्षमता वाढवली की एक यूपीएस मॉड्युल आणि एक एसी मुद्दाम बंद करून तासभर थांबा. दुपारी तीनला, उन्हाळ्यात. सर्वांत वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. २७ अंशांच्या वर गेला तर पुढचा रॅक आणण्याआधी एसी आणा.